रंभाबाईचा मागचा उजवा पाय

कुंभवलीच्या त्या ओळीतल्या पाच-सहा घरांनी बकऱ्या पाळल्या आहेत, पण खोपट्याच्या दारावर ‘अपघाताविना दिवस’ असा फलक लावणारं घर एकच, हेमांगीचं. त्याला कारण तिचा नवरा. इंद्रजीत तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायनाच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. कारखान्याच्या फाटकावर तसाच फलक आहे आणि रोज सकाळी त्यावरचा आकडा बदलण्याचा मान इंद्रजीतचा. माणूस कामात इतका मुरला की सुट्टीच्या दिवशी हात शिवशिवतात. बकरी आली त्या रविवारी त्यानं हौसेनं काळा रंग देऊन फळी केली, खडू बांधला आणि वर शून्य काढलं. ही गोष्ट घडली त्या मंगळवारी सकाळी आकडा अठ्ठावन्न होता.

बकरी त्यांची नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं. ती चिंचणीच्या जमनामावशीची. मावशी सुकी मासळी घेऊन आठवड्यातून दोनदा या ओळीत येते. हेमांगीच्या सासूबाईंची, म्हणजे साखरबाईंची आणि तिची अशी गट्टी की बोंबील संपले तरी गप्पा संपत नाहीत. अडीच वर्षांची स्वरा म्हशीचं दूध बघितलं की तोंड फिरवते, हे साखरबाईंनी तिला सांगितलं, आणि मावशी दोन महिन्यांसाठी डहाणूला लेकीच्या बाळंतपणाला निघाली तेव्हा बकरी घेऊनच दारात उभी राहिली.

"दूद तुमचा, बकरी माजी," ती म्हणाली. "चार पाय देतंय, परत येन तवा चार मोजून घेन. काय गो हेमांगीबाय?"

बकरीचं नाव रंभाबाई. हे मावशीच्या कैलासवासी सासूचं नाव. सासू हयात असताना जे बोलता आलं नाही ते आता रोज संध्याकाळी बकरीला बांधताना बोलता येतं, असं मावशी उघड सांगते. ‘रंभे, माजलीस गो!’ असं ती म्हणायची तेव्हा साखरबाई हसायच्या, पण जरा जपूनच.

रंभाबाईची पाय ठेवायची जागा कोरडी राहावी म्हणून इंद्रजीतनं कारखान्यातली मोडकी लाकडी पॅलेट आणली. ड्रम ज्यांच्यावर ठेवून येतात त्या फळ्यांच्या चौकटी. टाकाऊ मालाचा गेटपास, त्यावर स्टोअरची सही, सिक्युरिटीची सही, असं सगळं रीतसर. मग त्यानं हेल्मेट आणि हातमोजे घालून दिवसभर ठोकाठोक केली. ओळीतली माणसं खुर्च्या टाकून बघत होती. वरून दिसणारे सगळे खिळे त्यानं उपटले. खालून दिसणाऱ्यांचं काय, हे कोणी विचारलं नाही. हेमांगीनं विचारलं होतं, पण ती सगळ्याच गोष्टी विचारते म्हणून ते धरलं गेलं नाही.

हेमांगीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. ती पालघरच्या कॉलेजातून सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली, पहिल्या वर्गात. लग्नानंतर त्या शास्त्राचा उपयोग दुधाच्या बाटल्या उकळण्यापुरता उरला, पण जिथे उरला तिथे पुरेपूर होतो. स्वराच्या लसीकरणाच्या कार्डाला तिनं प्लॅस्टिक लावून घेतलंय. स्वरा लागोपाठ दोनदा शिंकली की वहीत वेळ लिहिली जाते. बालरोगतज्ज्ञांनी एकदा तिला फार प्रेमानं सांगितलं होतं, की आई, तुम्ही फोन करा, पण शिंकेला करू नका.

त्यामुळे मंगळवारी सकाळी ती जेव्हा म्हणाली, "आई, रंभाबाई मागचा उजवा पाय टेकत नाहीये," तेव्हा साखरबाईंनी तांदूळ निवडता निवडता मानसुद्धा वर केली नाही.

"आळसावली आसंल. तुला समद्यात आजार दिसतोय."

"टोकावर उभी आहे, बघा ना."

"म्या बी सकाळी टोकावरच उभी ऱ्हाते. कुनी बघतंय का?"

हेमांगीनं बघायचं ठरवलं. बकरीचा मागचा पाय उचलून तळ पाहणं हे वाचायला सोपं आहे. पहिल्या खेपेस ती शेणात बसली. दुसऱ्या खेपेस रंभाबाई तिच्या अंगावर बसली. स्वरा टाळ्या वाजवत होती. तिसऱ्या खेपेस साखरबाई तांदूळ बाजूला ठेवून उठल्या, बकरीचं डोकं काखेत धरलं आणि म्हणाल्या, "बघ काय बघायचं ते, म्हंजी तुझा जीव थंड हुईल."

खुराच्या दोन फाकांपैकी बाहेरच्या फाकेच्या तळाला काळा ठिपका होता. ठिपका लोखंडाचा होता, आणि थोडा बाहेर आलेला.

साखरबाई गप्प झाल्या. असं वर्षातून एकदा होतं, पण हेमांगीला त्याचा आनंद घ्यायला वेळ नव्हता. तिनं स्वराची उंची मोजायची पट्टी आणली, खुराशेजारी धरली आणि फोटो काढला. खिळा कुठे शिरलाय, कुठल्या दिशेनं, असे तीन फोटो. मग पक्कड उकळत्या पाण्यात घातली, कारण ती काहीही उकळल्याशिवाय वापरत नाही, आणि ज्या दिशेला खिळा होता त्याच दिशेला सरळ ओढला. दीड बोटाचा गंजका खिळा निघाला. त्यातला अर्धा खुरात होता. मागोमाग काळसर रक्ताचे दोन थेंब आले. रंभाबाईनं एकच आवाज काढला, पण तो पलीकडच्या ओळीपर्यंत गेला.

त्या आवाजाला पहिले आले पुंडलिककाका. मूळ माकुणसारचे, वीज प्रकल्पातून निवृत्त झालेले. ज्या गोष्टीला फिटिंग नाही त्या गोष्टीत त्यांना रस नाही, पण सल्ला सगळ्यात आहे.

"भोक हाय ना? मग बुजवा. ग्रीस भरा गच्च. पाणी नाय, हवा नाय, काय आत जाल? आमी पंचवीस वर्सं हेच केला."

"बकऱ्यांवर?"

"पंपांवर. पन भोक ते भोक."

साखरबाईंचं मत बिब्ब्याचं होतं. खटावला त्यांच्या माहेरी बैलाच्या पायात काटा गेला की बिब्बा तापवून चटका देत, वर हळद दाबत. शेजारची चंद्रकांता चुना घेऊन आली, आणि चुन्याबरोबर गूळ की मीठ यावर तिचा आणि साखरबाईंचा वाद लागला. दहा मिनिटांत अंगणात ग्रीसचा डबा, बिब्बा, हळद, चुना, गूळ आणि मीठ असं सगळं जमलं. उदबत्ती लावली असती तर पूजाच होती.

हेमांगी बकरीच्या मागच्या पायापुढे उभी राहिली. तिला कॉलेजच्या पुस्तकातलं आठ वर्षांपूर्वीचं एक पान आठवत होतं, डाव्या बाजूचं, खाली चहाचा डाग पडलेलं. धनुर्वाताचा जंतू मातीत असतो, शेणात असतो. त्याला हवा नको असते. खोल, अरुंद, तोंड बंद झालेली जखम म्हणजे त्याचं स्वतःचं घर.

"कोणी काही भरायचं नाही," ती म्हणाली. "भोक बुजवलं की आत हवा जाणार नाही, आणि धनुर्वाताच्या जंतूला तेच हवंय. बकऱ्यांना धनुर्वात लवकर होतो. झाला की वाचत नाहीत."

"आन् मावशीला काय सांगायचं?" साखरबाईंनी विचारलं.

हाच खरा प्रश्न होता. चार पाय दिले होते. तीनच टेकत होते.

तिनं कोमट पाण्यात मीठ विरघळवून पाय धुतला आणि इंद्रजीतला फोन केला. त्यानं सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "घटना किती वाजता घडली?"

"अहो, खिळा तुमच्या पॅलेटचा आहे."

मग तो म्हणाला, "मूळ कारण चौकशीनंतरच ठरतं."

पशुवैद्यकीय दवाखान्यापर्यंत जायचं म्हणजे रिक्षा. पहिल्या दोन रिक्षावाल्यांनी बकरी बघून वेग वाढवला. तिसरा थांबला, पण त्यानं वाटाघाटी केल्या. "मैडम, ये पीछे बैठेगी तो आप आगे. मेरी सीट खाएगी तो?" हेमांगीनं सीट खाणार नाही असं वचन दिलं. वचन पाळलं गेलं. रंभाबाईनं फक्त मीटरजवळचा प्लॅस्टिकच्या झेंडूंचा हार खाल्ला.

दवाखान्यात डॉक्टर आत एका म्हशीत गुंतले होते. टेबलावरच्या कारकुनानं रंभाबाईचा कान धरून पिवळा बिल्ला वाचला, बारा आकडे एकेक बोटानं संगणकात घातले आणि मान हलवली.

"मालक जमना. तुम्ही जमना?"

"मी हेमांगी. बकरी माझ्याकडे आहे. राहायला."

"पाहुणी?"

"असं समजा."

"मग मालकाच्या मोबाईलवर नंबर जाईल. तो सांगा, की केसपेपर होतो. त्याशिवाय उपचाराची नोंद सिस्टीम घेत नाही."

मावशी शनिवारी परत येणार होती. तोपर्यंत पाय बरा झाला असता आणि हे प्रकरण घरातल्या घरात मिटलं असतं, असा हेमांगीचा हिशेब होता. आता सरकारनं थेट डहाणूला संदेश पाठवला होता.

तिनं बाहेर जाऊन फोन लावला. पलीकडे तान्हं मूल रडत होतं.

"मावशी, तुमच्या फोनवर आत्ता एक नंबर आलाय बघा. सहा आकडी. तो जरा सांगता का?"

"आला. नाय सांगनार."

"का?"

"बँकेच्या साहेबानं सांगितलाय, ह्यो नंबर नवऱ्याला पन देवाचा नाय. नवरा तर हाय कुटं? मग तुला कसा देवाचा?"

"मावशी, हा बँकेचा नाही. हा... बकरीचा आहे."

"बकरीचा काय खाता हाय बँकेत?"

"नाही हो, लसीकरण. साधं लसीकरण."

"लस तिला दिवालीच्या आदी दिली. मीच गेलेली धरून." मावशी थांबली. मासळी विकत घेणाऱ्याचा चेहरा बघून भाव ठरवण्यात तिचं आयुष्य गेलंय. आवाजावरून ठरवणं तिला जड नव्हतं. "हेमांगीबाय, काय झालाय ता सांग. खरा सांग."

हेमांगीनं दवाखान्याच्या भिंतीकडे तोंड केलं आणि खरं सांगितलं. खिळा, पॅलेट, फोटो, सगळं. शेवटी ती म्हणाली, "चुकलं आमचं. मी विचारलं होतं खालच्या खिळ्यांचं, पण वाकून बघितलं नाही."

"पाय कुटला?"

"मागचा उजवा."

"भोक बुजवला काय कोनी?"

"नाही. बुजवू दिलं नाही."

"लिही," मावशी म्हणाली आणि सहा आकडे सांगितले. मग म्हणाली, "उद्या येतंय मी," आणि फोन ठेवला.

डॉक्टरांनी खूर धरला, हेमांगीच्या फोनवरचे फोटो मोठे करून पाहिले आणि पट्टी बघून हसले. "हे कोणी सुचवलं?"

"कोणी नाही. मी सगळ्याचेच काढते."

"बरं केलंत. खिळा उपटून फेकला की लोक येऊन सांगतात, इथं कुठंतरी होता. भोक मिटून जातं, आम्ही शोधत बसतो. हा सांध्याच्या बाजूला गेलेला नाही. गेला असता तर वेगळं बोललो असतो."

त्यांनी वाकड्या सुरीनं भोकाभोवतीचं खूर थोडं तासलं, म्हणजे तोंड मोठं होऊन घाण बाहेर येईल. आत तपकिरी आयोडीनचं पाणी पिचकारीनं सोडलं. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, प्रतिजैविकाचं दिलं, आणखी चार दिवस यायला सांगितलं. रोज दोनदा कोमट मिठाच्या पाण्यात पाय बुडवायचा, कोरडा करायचा, आयोडीन लावायचं, पट्टी बदलायची. जमीन कोरडी. पाय गरम लागला, सुजला, वास आला, जबडा आखडला, तर लगेच आणायचं.

"आणि दूध?" हेमांगीनं विचारलं.

"आजपासून ओतून द्यायचं, शेवटच्या इंजेक्शननंतरही मी सांगेन तितके दिवस. पिलांना नाही, माणसांना नाही."

डॉक्टरांची पांढरी पट्टी रंभाबाईनं परतीच्या रिक्षातच खाल्ली. घरी बांधलेली दुसरी पाण्याच्या बादलीत भिजली. तिसरी, साखरबाईंच्या जुन्या लुगड्याची, तिनं स्वतः सोडून स्वराला नेऊन दिली. मग हेमांगी आत गेली आणि स्वराच्या डायपरचा पुडा घेऊन आली.

डायपर मऊ असतो, ओल शोषतो, बाहेरून पाणी लागू देत नाही. विचार केला तर खुरासाठीच केलेला वाटावा. दोन फाकांच्या तळाला आयोडीनचा कापूस, वरून डायपर, आणि त्याभोवती इंद्रजीतच्या खणातली कारखान्याची चिकट पट्टी, जमिनीवर धोक्याच्या जागा दाखवायला लावतात ती, पिवळी-काळी. पट्टी रंभाबाईनं चावून पाहिली आणि तोंड वाकडं केलं.

संध्याकाळी इंद्रजीत आला तेव्हा त्याची बकरी, म्हणजे जमनामावशीची बकरी, एका पायात धोक्याची सूचना घालून उभी होती. त्यानं चौकशी अहवाल लिहायला घेतला. ‘मूळ कारण’ या रकान्यात त्यानं लिहिलं: ‘बकरीची अनियंत्रित हालचाल.’ हेमांगी मागे उभी राहून वाचत होती. तिनं गंजका खिळा धुऊन आणला आणि कागदावर ठेवला. इंद्रजीतनं वाक्य खोडलं आणि लिहिलं: ‘पॅलेट उलटं करून तपासलं नाही. जबाबदार: मी.’ त्याच्या अकरा वर्षांच्या नोकरीतला हा सर्वांत छोटा अहवाल होता.

मग त्यानं सगळी पॅलेट उचलून उलटी केली आणि कारखान्यातून आणलेलं चुंबक अंगणभर फिरवलं. चौतीस खिळे निघाले, एक नटबोल्ट, आणि पुंडलिककाकांचा दोन वर्षांपूर्वी हरवलेला पाना. काकांनी पाना ओळखला आणि त्या दिवसापासून ग्रीसचा विषय काढला नाही.

"तुम्ही शेवटचं धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंत?" हेमांगीनं नवऱ्याला विचारलं. सेफ्टी ऑफिसरला आठवेना. ती त्याला तसाच आरोग्य केंद्रात घेऊन गेली. घरी परतल्यावर स्वराच्या समोर तिनं सांगितलं, की रंभाबाई सुई टोचताना बाबांपेक्षा शांत होती. ते खरंच होतं.

बुधवारी सकाळी स्वरा लंगडत स्वयंपाकघरात आली. मागचा नसला तरी उजवाच पाय, टोकावर. हेमांगीच्या हातातलं पातेलं पडलं. तिनं मुलीला उचलून खिडकीच्या उजेडात तळवा पाहिला, बोटांच्या फटी पाहिल्या, दोन्ही पायांचे फोटो काढले, टाच दाबली, घोटा दाबला. कुठे खूणसुद्धा नव्हती.

"दुखतंय का राणी? कुठं?"

"मला पण पट्टी," स्वरा म्हणाली. "पिवळी."

डायपर घालायला मात्र तिनं साफ नकार दिला. ते आता रंभाबाईचे होते, आणि तेही पायात घालायचे. दुसऱ्याची वस्तू ती घालणार नव्हती. सहा महिने डायपर सोडण्याची जी सवय लावण्यासाठी हेमांगीनं गाणी म्हटली, चित्रं चिकटवली, वहीत वेळा लिहिल्या, ती एका बकरीनं एका रात्रीत लावली. हेमांगीला याचा आनंद व्हायला हवा होता. थोडा अपमानही झाला.

अकराच्या सुमाराला जमनामावशी आली. पाटी नाही, मासळी नाही, नुसती आली. साखरबाई "या बसा" म्हणाल्या ते ऐकलंही नाही. ती सरळ खोपट्यात शिरली, खाली बसली आणि रंभाबाईचा पाय मांडीवर घेतला. बकरीनं हूं की चूं केलं नाही. मावशीनं पिवळी-काळी पट्टी सोडवली, डायपर उघडला, खूर हाताच्या पाठीनं चाचपला. मग पापलेट बघावा तसा नाकाजवळ धरून वास घेतला. अंगणात सगळे उभे होते. रजा काढून थांबलेल्या इंद्रजीतनं डोक्यावर हेल्मेट का घातलं होतं ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"गरम नाय," मावशी म्हणाली. "वास नाय. सूज नाय." मग डायपर दोन बोटांत उचलून धरला. "पन ही चड्डी कोनाची?"

"माझी होती," स्वरानं सांगितलं. "आता लंबाची."

मावशीच्या खांद्यांपासून हसू सुरू झालं आणि पाटी उतरवावी तसं सगळं अंग मोकळं झालं. "रंभे," ती बकरीला म्हणाली, "जिती होतीस तवा एवडी शेवा कोनी केली नाय गो तुजी."

हेमांगी पुढे आली. "मावशी, तुम्ही घेऊन जा तिला. राग नाही यायचा आम्हाला."

"नेऊ कुटं? डानूला? तितं हिला चड्ड्या कोन बांधल?" मावशी उठली, गुडघ्यावर हात ठेवून. "हितंच ऱ्हावदे. शनवारी यीन, चार मोजीन. मागं माजी एक शेली अशीच खिल्यानं गेली. आमी भोकात डांबर भरलेला. बारा दिवसांनी जबडा धरला."

पुंडलिककाका स्वतःच्या पान्याकडे बघत राहिले.

साखरबाईंनी मावशीला चहा दिला, बिनदुधाचा, कारण सकाळचं दूध त्यांनी स्वतःच्या हातानं कढीपत्त्याच्या मुळाशी ओतलं होतं आणि त्याबद्दल दोनदा हळहळल्या होत्या. कप पुढे करताना त्या म्हणाल्या, "पहिलं हिलाच दिसलं. म्या म्हनत हुते आळसावली. हिला समद्यात आजार दिसतोय म्हनून वाचली." हे वाक्य स्तुती होतं की तक्रार, ते हेमांगीनं विचारलं नाही. तिनं ते जसंच्या तसं ठेवून घेतलं.

शनिवारी रंभाबाई चारही पाय टेकून उभी होती. मागचा उजवा थोडा जपून, पण टेकून. मावशीनं मोजले, दोनदा मोजले, आणि इंजेक्शनांचे आणि दूध ओतायचे दिवस संपेपर्यंत बकरी तिथेच ठेवून गेली. जाताना बोंबील ठेवायला विसरली नाही.

फलकावरचा अठ्ठावन्नचा आकडा इंद्रजीतनं मंगळवारीच पुसला होता आणि शून्य काढलं होतं. पुढचा आकडा लिहायचा मान त्यानं आपण होऊन सोडला. रोज सकाळी हेमांगी खोपट्यात जाते, रंभाबाईचे चारही खूर उचलून पाहते, स्वराचे दोन्ही तळवे पाहते, आणि मग खडू हातात घेते. रविवारी ती पाच लिहिणार, एवढ्यात मागून आवाज आला.

साखरबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी चपला काढून ठेवल्या होत्या आणि दोन्ही पाय पुढे लांब केले होते.

"लिवू नगंस आजून," त्या म्हणाल्या. "माझं बी बघ."